माल का मानूस?

दस्तगीर, लिफ्ट आली.

मंगळवारी सांगलीहून ट्रकमधून आली. ज्यानं ती घडवली तो लेथवाला अण्णाप्पाही पुढं ड्रायव्हरशेजारी बसून आला, कारण उभी करायची तर ती त्यालाच. दोन खांब, दोन जाडजूड स्क्रू, गाडीला खालून उचलायचे चार हात आणि एक हँडल. शेडच्या दाराशी माल खाली घेताना सहा जणांचा घाम निघाला आणि सहाही जण एकमेकांना अक्कल शिकवत होते. तू असतास तर सातवा झाला असतास. सगळ्यात मोठा आवाज तुझाच असता.

तुझा चाळिसावा होऊन आठ दिवस झाले. शरीफाभाभींनी मला वेगळं ताट वाढलं, आणि मी ते संपवलं. त्यानंतर रोज वाटायचं की तुझ्याशी बोलायचं राहिलंय. लिहायची सवय मला पलटणीतली, म्हणून लिहायला बसलोय. तू वाचणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तसा जिवंतपणी तरी तू कुठं कागद वाचत होतास? चष्मा खिशात असला तरी म्हणायचास, "वाचून दाव गड्या, चष्मा घरी ऱ्हायला."

लढाई संपली आणि मी कडेगावला घरी आलो, तेव्हा मला गाड्या दुरुस्त करण्यापलीकडं काहीच येत नव्हतं. भावानं शेती सांभाळली होती, त्यात माझी लुडबुड नको म्हणून मी घरामागं पत्र्याची शेड मारली. तू तेव्हा गावोगाव फिरून गुऱ्हाळाची इंजिनं बघायचास. शेडमध्ये कसला ठोकाठोकीचा आवाज येतोय म्हणून डोकावलास, माझ्या हातातला पाना काढून घेतलास आणि म्हणालास, "हवालदार, उलटं फिरवाय लागलायस." मी नाईक म्हणून सुटलो होतो. सरकारनं दिली नाही ती बढती तू दिलीस, आणि गावानं ती मंजूर केली. आज मला खऱ्या नावानं हाक मारणारी चारच माणसं उरली असतील.

आपण पहिलं काम केलं ते खड्डा खणायचं. गाडीखाली शिरायला दुसरी सोय नव्हती. तीन दिवस तू आणि मी आलटून पालटून खणत होतो, आणि मापावरून जुंपली. तू पाच फूट दोन इंच, मी सहाला जरा कमी. माझ्या मापानं खणला तर तुझा हात गाडीच्या पोटाला पोचेना, तुझ्या मापानं खणला तर माझं डोकं आपटायचं. शेवटी खड्डा तुझ्या मापाचा झाला, कारण आतली निम्म्याहून जास्त कामं तूच करणार होतास. मी आत उतरलो की मान वाकडी करून उभा राहायचो. त्यावर तू मला "लांबड्या" म्हणून चिडवायचास, आणि मी म्हणायचो की देवानं तुला बनवताना माल कमी पडला. सात वर्षं हेच चाललं. त्याचा आपल्याला कधी कंटाळाही आला नाही.

आता तुझ्या बोटांचं सांगतो. तुला माहीत आहेच, पण मला एकदा लिहून टाकायचंय.

एका जीपचा गिअरबॉक्स काढला होता. साखळीच्या कप्पीला तो लटकत होता, मी वर साखळी धरून उभा, तू खाली खड्ड्यात. गिअरबॉक्स खाली सोडायचा म्हणून मी विचारलं, "उतरू का?" तुला वाटलं, मी स्वतः खड्ड्यात उतरू का म्हणून विचारतोय. तू म्हणालास, "उतर की, इच्यारतोस काय?" आणि मी साखळी सोडली. तुझा डावा हात नेमका खाली होता. दोन बोटं मोडली, आणि तासगावच्या हाडवैद्यानं ती बांधली तरी वाकडी ती वाकडीच राहिली.

मी आठ दिवस तुझ्या घरी तोंड दाखवलं नाही. नवव्या दिवशी तूच गळ्यात हात अडकवून शेडवर आलास आणि म्हणालास, "चूक तुजी न्हाई, माजीबी न्हाई. चूक ह्या शबदाची हाय. मानूसबी उतरतोय, मालबी उतरतोय, मग खालच्यानं वळखायचं कसं?" त्या दिवसापासून तू कायदा केलास. वरच्यानं विचारायचं, "उतरू का?" खालच्यानं विचारायचं, "माल का मानूस?" वरच्यानं सांगायचं, आणि खालून "येऊ दे" असं आलं तरच हात हलवायचा. उत्तर आलं नाही तर दिवस मावळेपर्यंत उभं राहायचं. बघणारी माणसं हसायची. एका मास्तरनं तर विचारलं होतं की तुम्ही दोघं नाटकाची तालीम करता का. पण त्यानंतर आपल्या शेडमध्ये कोणाचं नख दुखावलं नाही.

मग शेजारच्या रानात ऊस आला. उसाला पाणी सोडलं की आपल्या खड्ड्यात पाझर यायचा. घोटाभर पाण्यात पोतं टाकून तू काम करायचास, आणि वर येताना दोन्ही हात कडेवर टेकून आधी एक पाय, मग जरा थांबून दुसरा. मी बघत होतो. विचारलं तर म्हणायचास, "पाय झोपलाय." रोज कसा झोपतो रे पाय?

एकदा तू शिराळ्याला भावाकडं गेला होतास तेव्हा शरीफाभाभींनी मला सांगितलं. "भावजी, रोज सांजंला गुडघ्याला तेल चोळून घेत्यात. सकाळी उठताना भितीला धरून उटत्यात. तुमाला सांगू नगा म्हनत्यात. हवालदार आपल्याला कामावरनं बसवंल म्हनत्यात." आणि लगेच मला शपथ घातली की मी कळल्याचं दाखवायचं नाही.

दस्तगीर, मी तुला कामावरनं बसवेन? अरे, तुझ्याशिवाय मला शेडचं कुलूप तरी उघडावंसं वाटतं का? त्या दिवशी मला तुझा राग आला, आणि त्याच रागात मी ठरवलं की लिफ्ट घ्यायची. माणूस जर गाडीखाली जाऊ शकत नाही तर गाडी माणसाच्या वर गेली पाहिजे. तुला सांगितलं की माझी पाठ दुखते. हे अर्धं खरंही होतं.

लिफ्ट बघायला आपण दोन ठिकाणी गेलो ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस आहेत. तुला तेव्हा तसं दिसू दिलं नाही.

सांगलीत एका पेट्रोल पंपावर जुनी लिफ्ट काढायची होती. जमिनीतून एकच जाड दांडा वर येतो, हवेच्या दाबावर, तेलावर चालणारी. मालकानं मोटार वर चढवून दाखवली आणि मी गार झालो. तू दांड्यावरून बोट फिरवलंस, वास घेतलास, आणि दांड्यावर जमिनीपासून वीतभर वर खडूनं रेघ मारलीस. मग म्हणालास, "चला, च्या घिऊ." एक चहा झाला, दुसरा झाला, भजी झाली. मालक ताटकळला. तासाभरानं परत गेलो तर तुझी खडूची रेघ चार बोटं खाली गेली होती. तू मालकाला फक्त एवढंच म्हणालास, "ह्याच्याखाली तुमी हुबं ऱ्हानार का?" आपण एस.टी. स्टँडवर येईपर्यंत तू एकटाच हसत होतास.

साताऱ्याची लिफ्ट नवी होती. दोन खांबांची, विजेच्या मोटरवर चालणारी. बटण दाबलं की गाडी वर. मला वाटलं, आता तू काय खोड काढणार? तू विचारलंस, "लाईट गेली तर?" तो गॅरेजवाला म्हणाला, आली की उतरवायची. तू म्हणालास, "आमच्या कडेगावात लाईट आली का म्हनून इच्यारत्यात, गेली का म्हनून कोन इच्यारत न्हाई." तिथंच तो सौदा संपला.

परतीच्या एस.टी.त तू तुझं मत सांगून टाकलंस. "खड्ड्याला वजन लागत न्हाई. ट्रक आना, टेम्पो आना, त्यो कुनाला नगो म्हनत न्हाई. आनि लिफ्ट कवातरी पडंल हवालदार. खड्डा काय पडनार? त्यो पडल्यालाच हाय!" मागच्या बाकावरची बाईसुद्धा हसली. मीही हसलो, पण मला तुझे गुडघे दिसत होते. दोन्ही हातांनी तू ते धरून बसला होतास, रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याला.

तिथून पुढं मी तुझ्याशी खोटेपणानं वागलो. तुझ्या दोन्ही शंका खऱ्या होत्या, म्हणून त्या डोक्यात ठेवून मी एकटा अण्णाप्पाकडं गेलो. तेल नको, वीज नको. हातानं फिरवायचे दोन स्क्रू, चौकोनी आट्यांचे, म्हणजे हँडल सोडलं तरी गाडी आपोआप खाली येणार नाही. आणि वर नेल्यावर खांबाच्या भोकात आडवी घालायला एक जाड पिन. अण्णाप्पानं विचारलं, पिनेचं भोक किती उंचीवर पाडू? गाडी कामासाठी तिथं थांबणार, म्हणून ते माप पक्कं पाहिजे. मी म्हणालो, सांगतो.

दुसऱ्या दिवशी तुला शेडच्या दाराला पाठ लावून उभं केलं. "फळी मारायचीय, तुझा हात पोचला पाहिजे," म्हणालो, आणि डोक्यावर चार बोटं सोडून खडूनं रेघ मारली. ते माप अण्णाप्पाला पाठवलं. तू रोज सकाळी आल्या आल्या त्या रेघेकडं बघून विचारायचास, "फळी कवा मारनार?" मी म्हणायचो, सुताराला वेळ नाही. पंधरा दिवस तू मला ते विचारलंस. अजून ती रेघ दारावर आहे.

आणि मग तो बुधवार. मी तुला सांगितलं की अण्णाप्पाकडं लिफ्ट सांगून आलोय. मला वाटलं होतं तू शिव्या देशील, मग कशी आहे म्हणून विचारशील, मग तुझ्या शंकांचा मी कसा बंदोबस्त केला ते सांगेन. तू शिवी दिलीच नाहीस. हातातला पाना पुसलास आणि हळू म्हणालास, "मला इच्यारलं न्हाईस." मी म्हणालो, विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास. तू म्हणालास, "व्हय. पन इच्यारायचं व्हतं. न्हाई म्हनायला तरी मी हाय का न्हाई हितं?" मला भाभींची शपथ होती. खरं कारण ओठांवर आलेलं गिळायला लागलं, आणि त्याच्या जागी भलतंच बाहेर पडलं. मी म्हणालो, "तुला खड्डाच पाहिजे ना? मग जा खड्ड्यात."

तू पाने ओळीनं लावून ठेवलेस, तुझ्या सवयीप्रमाणं, लहानापासून मोठ्यापर्यंत. आणि गेलास.

गुरुवारी तू आला नाहीस. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. तुझं घर माझ्या शेडपासून विड्या ओढत गेलं तर एका विडीच्या अंतरावर आहे. मी गेलो नाही. मला वाटलं, येईल सोमवारी. रविवारी सकाळी निरोप आला. छातीत कळ आली, आणि डॉक्टर यायच्या आत सगळं आटोपलं होतं.

कबरस्तानात मी कडेला उभा होतो. तुमची माणसं आपापसात तुमच्या बोलीत हळूहळू बोलत होती. तुला आत ठेवून घ्यायला कोणीतरी खाली उतरायचं होतं. शिराळ्याचा तुझा भाऊ पुढं आला. मी वाटेतच उभा होतो, म्हणून त्यानं माझ्या खांद्याला हात लावला आणि मराठीत विचारलं, "हवालदार, उतरू का?"

माल का मानूस. माझ्या तोंडात आलंच होतं. दात दाबून धरले म्हणून बाहेर पडलं नाही. मी बाजूला सरलो, तो उतरला, आणि मग तू. मी तीन मुठी माती टाकली, आणि प्रत्येक मुठीला मला माझं बुधवारचं वाक्य ऐकू येत होतं. मी तसं म्हणालो नव्हतो, दस्तगीर. म्हणजे म्हणालो होतो. पण तसं नव्हतं.

दीड महिना मी हे कोणाला सांगितलं नाही. भाभींनाही नाही. तू ते वाक्य मनात धरून गेलास का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर द्यायला तूच पाहिजे होतास. शेडमध्ये गेलो तर काम व्हायचं नाही. लिफ्ट नको म्हणून अण्णाप्पाला कळवावं असं दोनदा मनात आलं, पण केलं नाही.

मंगळवारी खांब उभे झाले. मी पिनेचं भोक बघायला गेलो तर एकाच्या जागी दोन. एक खाली, बरोबर तुझ्या रेघेच्या मापाचं. दुसरं त्याच्या वर, वीतभर तरी वर. मी अण्णाप्पावर उखडलोच. एक सांगितलं असताना दोन भोकं पाडून खांब कमजोर कशाला केलास?

अण्णाप्पा मिशीतल्या मिशीत हसला. "माझ्यावर ओरडू नका की हो. दस्तगीर मिस्तरी आले होते माझ्याकडं. तुमचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. त्यांनीच पाडायला लावलं बघा."

मी खाली बसलो. शेडच्या जमिनीवरच.

"पहिल्यांदा स्क्रूचे आटे बघितले," अण्णाप्पा म्हणाला. "अर्धा तास बघितले. मग म्हणाले, बरं हाय, लाईट लागत न्हाई, त्याल लागत न्हाई. मग भोकाचं माप बघितलं आणि एकदम हसायलाच लागले हो. आरं, ही तर माजी फळी, म्हणाले! मला काही कळंना. म्हणाले, हे भोक ऱ्हाऊ दे, त्याच्या मनात हाय. पण वर अजून एक पाड. लांबडा सात वर्सं माज्या मापाच्या खड्ड्यात मान मोडून हुबा ऱ्हायलाय, आता तरी सरळ ऱ्हाऊ दे."

मी विचारलं, रागात होता का? अण्णाप्पाला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं.

"राग? छे हो. म्हणाले, हवालदार मला खड्ड्यात जा म्हनला, म्हनून म्हनलं आज सांगलीला जाऊन यावं. आणि चहाला थांबले. दोन चहा प्यायले की. जाताना म्हणाले, त्याला आत्ताच सांगू नगंस. जरा वाट बघू दे, सोमवारी शेडवर गेलो की फळी कवा मारनार म्हनून अजून आठ दिस इच्यारनार हाय मी त्याला."

दस्तगीर, तू मला आठ दिवस छळणार होतास. आणि मी कोपऱ्यात बसून, तू तीन दिवस रागावून घरी बसलायस असं समजून विड्या फुंकत होतो. तू सोमवारी येणार होतास, माझा अंदाज चुकला नव्हता. तुझे आभार मानायचे तर तू लगेच म्हणशील, "पलटनीतलं इंग्रजी बोलू नगंस." म्हणून मानत नाही. पण दीड महिन्यात मला त्या दुपारी पहिल्यांदा भूक लागली, एवढं सांगतो.

शरीफाभाभींना मी सगळं सांगितलं, खड्ड्याचं वाक्यसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं की. सांगलीस्नं आलं तवा हसत हसत सांगत व्हतं." त्यांना वाटलं होतं की मलाही ठाऊक असणार. आपण सगळेच एकमेकांना न सांगण्यात लय हुशार.

खड्डा मी बुजवलेला नाही. ट्रकला तो लागतोच, तुझं खरं होतं. बाकीच्या बाबतीत वाद अजून संपलेला नाही, आणि आता तो मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी घालायला लागतो.

आज सकाळी दूध डेअरीची जीप आली. लिफ्टवरचं पहिलं काम. ड्रायव्हर नाश्ता करायला स्टँडवर गेला आणि मी हँडल फिरवत जीप वर घेतली. खालच्या भोकाशी थांबलो. तुझ्या मापाला. आत जाऊन उभा राहिलो तर मान वाकली, नेहमीसारखी. तिथंच तसाच जरा वेळ उभा राहिलो. मग बाहेर येऊन आणखी फिरवली, वरच्या भोकात पिन घातली, ती दोनदा हलवून बघितली, आणि परत खाली गेलो. गाडीच्या पोटाखाली मी पहिल्यांदाच सरळ उभा होतो. हात बरोबर पोचत होता. पाठ दुखली नाही. अर्धं खोटं सांगून घेतलेली लिफ्ट खरंच माझ्या पाठीची निघाली.

काम झालं. बाहेर आलो, हात पुसले, पाने लहानापासून मोठ्यापर्यंत लावले. पिन काढली, हँडलवर हात ठेवला आणि सवयीनं विचारलं, "उतरू का?"

आणि थांबलो. तुझा कायदा आहे. शेजारच्या उसातून वारा येत होता, रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. हँडलवरचा हात मी हलवला नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. ड्रायव्हर नाश्ता करून परत आला आणि दारात उभा राहून बघायला लागला. त्यानं विचारलं, "काय हवालदार, अडकलं का काय?"

मी वाकून गाडीखाली बघितलं. कोणी नव्हतं.

"माल," मी म्हणालो, आणि हळूहळू हँडल फिरवायला लागलो.